कूलंटमध्ये वेगळं अ‍ॅडिटिव्ह टाकावं का? (नाशिकचा मे महिना, कसारा घाट आणि सीएनजी गाडी)

पाथर्डीफाटा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सात वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे, सीएनजी किट नंतर बाहेरून बसवलेलं. रोजचा रस्ता पाथर्डी फाटा ते सातपूर आणि अधूनमधून ठाण्याला सासुरवाडी. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून ओळखीचे बरेच जण बोगद्यातून जातात, पण मला वाटेत खर्डीला काकांकडे थांबायचं असतं, म्हणून मी जुन्या रस्त्याने कसारा घाटातूनच येतो-जातो.

परतताना घाट चढायला लागलो आणि एसी चालू असला की ओबीडी डोंगलवर (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे दाखवणाऱ्या छोट्या यंत्रावर) इंजिनाचं तापमान १०४-१०५ दिसतं. शहरात, अगदी द्वारकाच्या सिग्नलला अडकलो तरी, ९२ ते ९८ च्या मध्ये असतं. काटा लाल पट्ट्यात कधी गेलेला नाही. स्पेअर पार्टच्या दुकानात विचारलं तर त्यांनी कूलंटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात) वरून घालायच्या अ‍ॅडिटिव्हची बाटली पुढे केली. साडेसहाशे रुपये, "तापमान दहा-पंधरा अंशांनी उतरेल" म्हणाले. गॅरेजवाले म्हणतात, सोबत स्टॉप लीक पण टाकून घ्या, म्हणजे पुढे गळतीची भीती नाही. घ्यावं का? कुणी वापरलंय का?

अंबडकर

दादा, आधी बाटली दुकानातच राहू द्या. मी इंजिनाच्या पार्टचं काम करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या गाडीचं शहरातलं ९२ ते ९८ हे तापमान कूलंट ठरवत नाही. ते थर्मोस्टॅट आणि फॅन ठरवतात. थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह साधारण ८२ किंवा ८८ अंशांना उघडायला लागतो (गाडीप्रमाणे बदलतं) आणि त्याच्याखाली तापमान जाऊच देत नाही, कारण इंजिन थंड राहिलं तर इंधन नीट जळत नाही, ऑइल लवकर खराब होतं. वरच्या बाजूला तापमान ९६-९८ झालं की फॅन लागतो आणि काही अंश उतरलं की बंद होतो. आता तुम्ही जगातलं सगळ्यात भारी अ‍ॅडिटिव्ह ओतलं आणि उष्णता खरोखर जास्त वेगाने बाहेर जायला लागली, तर काय होईल? थर्मोस्टॅट थोडा कमी उघडेल, फॅन थोडा कमी वेळ फिरेल, आणि डोंगलवर आकडा तोच दिसेल. म्हणजे ठीकठाक गाडीत "दहा-पंधरा अंश उतरेल" हा दावा टिकतच नाही.

फरक पडू शकतो तो फक्त थर्मोस्टॅट पूर्ण उघडा आहे, फॅन सतत फिरतोय आणि तरीही तापमान चढतंय, अशा वेळी. तुमचा कसारा घाट नेमका तसा प्रसंग. पण तिथे १०४-१०५ हा आकडा स्वतः धोक्याचा नाही. पाणी आणि एथिलीन ग्लायकॉलचं ५०:५० मिश्रण उघड्यावर १०६-१०७ अंशांना उकळतं, पण रेडिएटरचं १.१ बार दाबाचं झाकण शाबूत असेल तर तेच १२८-१३० पर्यंत उकळत नाही. म्हणजे तुमच्याकडे वीस अंशांहून जास्त मोकळीक आहे, झाकण चांगलं असेल तर. आणि एसी चालू असला की रेडिएटरच्या पुढे बसलेला एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) आधीच हवा तापवून रेडिएटरकडे पाठवतो, वर चढाचं ओझं. मे महिन्यात कसाऱ्याच्या पायथ्याला चाळिशीतली हवा असते. हे सगळं धरून १०४ आला तर मला नवल वाटत नाही.

पण आधी हा आकडा किती असायचा? पूर्वी ९९ असायचा आणि आता १०४ झाला असेल तर काहीतरी बदललंय, आणि ते शोधायला हवं.

रसायन_नाशिकरोड

अंबडकरांशी सहमत. रसायनाच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण इथे लोकांचा मोठा गैरसमज आहे.

कूलंट म्हणजे ग्लायकॉल, पाणी आणि गंजविरोधी रसायनं. म्हणजे कूलंटमध्ये अ‍ॅडिटिव्ह आधीच असतं. बाटलीत मिळणाऱ्या कूलंटचा दर्जा त्या गंजविरोधी मिश्रणावरच ठरतो. ग्लायकॉल बहुतेक ठिकाणी सारखंच. जुन्या प्रकारच्या कूलंटमध्ये सिलिकेटसारखे क्षार असतात, ते धातूवर पटकन पातळ थर धरतात पण लवकर खर्च होतात, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचे. नव्या प्रकारात सेंद्रिय आम्लांचे क्षार असतात. ते जिथे गंज धरायला लागतो तिथेच काम करतात, म्हणून पाच वर्षं चालतात. जपानी-कोरियन गाड्यांच्या कूलंटमध्ये बहुधा सेंद्रिय आम्लांसोबत फॉस्फेट असतं, युरोपीय कंपन्या फॉस्फेट टाळतात.

आता या ठरवून केलेल्या मिश्रणात तुम्ही वरून कुठलीतरी अनोळखी बाटली ओतली तर दोन गंजविरोधी पद्धती एकमेकींच्या आड येतात. आयुष्य कमी होतं, कधी जेलीसारखा गाळ बसतो. आणि रंगावर बिलकूल विश्वास ठेवू नका. हिरवा, लाल, निळा हा फक्त रंग आहे, त्याचं कुठलंही मानक ठरलेलं नाही. कॅनवर आयएस ५७५९, जेआयएस के २२३४ किंवा एएसटीएम डी ३३०६ यांपैकी कुठलं मानक लिहिलंय का, आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये काय सांगितलंय, एवढंच बघा.

शुद्ध पाणी उष्णता वाहून नेण्यात ग्लायकॉलपेक्षा चांगलं असतं, हे खरं. पाण्याची विशिष्ट उष्णता ४.१८ आणि ५०:५० मिश्रणाची साधारण ३.३-३.४. म्हणून कुणी "नुसतं पाणी टाका, गाडी थंड राहते" म्हणतं तेव्हा ते अर्धं खरं असतं. उरलेलं अर्धं गंजाच्या रूपात वर्षभरात पुढे येतं. आपल्या हवेत गोठण्याची भीती नाही म्हणून ग्लायकॉलची गरज नाही, असंही म्हणतात. पण उकळबिंदू चढतो, पंपाचं सील टिकतं आणि गंज थांबतो, त्यासाठी ते हवंच.

जुनीजीप

मंडळी, आमच्या वेळची पद्धत सांगतो. जुन्या जीपला ओतीव लोखंडाचा ब्लॉक आणि तांब्या-पितळेचा रेडिएटर. त्यात कूलंट कुणी टाकत नव्हतं. सातपूरच्या वर्कशॉपमधून लेथवर वापरतात ते सोल्युबल ऑइल आणायचं, बादलीभर पाण्यात थोडं, दुधासारखं पांढरं झालं की रेडिएटरमध्ये. गंज धरत नसे. माझ्या जीपचा ब्लॉक आजही आतून स्वच्छ आहे. मग हे अ‍ॅडिटिव्ह आजच्या गाडीला का चालू नये?

अंबडकर

काका, तुमच्या जीपला ते चाललं कारण तिथे लोखंड-पितळ होतं, दाब कमी होता आणि रबर वेगळं होतं. आजच्या गाडीचे होज पाइप ईपीडीएम रबराचे असतात आणि खनिज तेल लागलं की हे रबर फुगून मऊ पडतं. पंपाच्या सीलचंही तेच. शिवाय ब्लॉक, हेड (इंजिनाचा वरचा भाग), रेडिएटर सगळं अ‍ॅल्युमिनियम, त्याची गंजाची रीतच निराळी. अंबड-सातपूरच्या पट्ट्यात सीएनसी मशीनवरचं कटिंग कूलंट सहज हाताशी असतं, म्हणून काही जण आजही गाडीत टाकतात, हे मी स्वतः पाहिलंय. कृपया कुणी टाकू नका. एकदा तेल आत गेलं की नुसत्या पाण्याने धुऊन निघत नाही, सगळे होज बदलावे लागतात.

घाटरस्ता

मी थोडा विरोधात बोलतो. अ‍ॅडिटिव्ह म्हणजे सगळंच थोतांड नाही. रेड लाइन कंपनीचं वॉटर वेटर हे पृष्ठताण कमी करणारं द्रव आहे. हेडमध्ये एक्झॉस्ट पोर्टच्या (जळालेला वायू बाहेर जायच्या वाटेच्या) भोवती धातू इतका तापतो की तिथे कूलंटचे बारीक बुडबुडे होतात, आणि बुडबुड्याचा थर उष्णता अडवतो. पृष्ठताण कमी झाला की बुडबुडे लवकर सुटतात. रेसिंगमध्ये हे सर्रास वापरतात. मी ऑफरोडच्या गाडीत वापरतो आणि चढावर तीन-चार अंशांचा फरक मला दिसतो.

अंबडकर

घाटरस्ता भाऊ, तुमचं म्हणणं चुकीचं नाही, पण त्याची जागा वेगळी आहे. रेसिंग ट्रॅकवर ग्लायकॉल बहुधा चालत नाही, कारण सांडलं तर रस्ता निसरडा होतो आणि साफ व्हायला वेळ लागतो. म्हणून तिथे नुसतं पाणी वापरतात, आणि नुसत्या पाण्यात गंजविरोधक आणि पृष्ठताण कमी करणारं काहीतरी हवंच. तिथे या बाटलीचा खरा उपयोग आहे. कंपनीच्या स्वतःच्या तक्त्यातही पाण्यासोबतची घट ही ५०:५० मिश्रणासोबतच्या घटीच्या दुपटीहून जास्त आहे. दुकानदार सांगतो तो मोठा आकडा पाण्यासोबतचा, आणि ग्राहकाच्या गाडीत असतं ५०:५०. इथेच लोकांचे पैसे जातात.

तुमच्यासारखं लो गिअरमध्ये तासन्‌तास इंजिन ताणायचं असेल तर तीन-चार अंशांना किंमत आहे. पाथर्डी फाटा ते सातपूर जाणाऱ्याला नाही.

घाटरस्ता

हे मान्य. रोजच्या गाडीसाठी मीही सुचवणार नाही. आणि माझ्या गाडीत मी ते टाकण्याआधी रेडिएटर, फॅन, पंप सगळं नवं करून घेतलं होतं, हेही सांगायला हवं.

इंदिरानगरची

स्टॉप लीकबद्दल मला कळकळीने सांगायचंय. आमच्या गाडीत एका गॅरेजमध्ये आम्हाला न विचारता ते टाकलं होतं. गळती नव्हतीच, "खबरदारी म्हणून" टाकलं म्हणाले. पुढच्या थंडीत हीटर लावला तर थंडगार हवा. हीटरच्या छोट्या रेडिएटरच्या नळ्या तपकिरी चिखलाने बंद झालेल्या. तो डॅशबोर्डच्या मागे असतो, काढायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागला. एका बाटलीपायी झालेला खर्च नव्या रेडिएटरच्या किमतीच्या वर गेला. बिलावर त्या बाटलीचं नावही नव्हतं, म्हणून आत काय गेलंय ते शेवटपर्यंत कळलं नाही. पाथर्डीफाटा दादा, गॅरेजवाल्यांना स्पष्ट सांगा की न विचारता काहीही टाकायचं नाही, आणि जे टाकाल ते बिलावर लिहा.

रसायन_नाशिकरोड

ताई, अगदी बरोबर. स्टॉप लीकमध्ये सोडियम सिलिकेट असतं किंवा बारीक तंतू-भुकटी. ते भोक ओळखत नाही. जिथे वाट अरुंद तिथे बसतं, मग ती गळती असो की हीटरची नळी. अमेरिकेत २००९ मध्ये जुन्या गाड्या भंगारात काढण्याची सरकारी योजना होती, तिथे इंजिन कायमचं निकामी करायला ऑइलच्या जागी सोडियम सिलिकेटचंच द्रावण घालायचे. कूलंटमधलं प्रमाण आणि काम वेगळं आहे, पण हा पदार्थ तापल्यावर काचेसारखा घट्ट होतो एवढं लक्षात असू द्या. सप्तशृंगीच्या वाटेवर नांदुरीला रेडिएटर फुटला आणि घरी पोहोचायचंच आहे, तर टाका. त्यानंतर पूर्ण फ्लश (आतून धुऊन काढणं) आणि फुटलेला भाग बदलणं आलंच.

निफाड_बाग

आमच्याकडे पिकअप आणि ट्रॅक्टर दोन्ही आहेत. द्राक्षाच्या हंगामात पिकअप पिंपळगाव बाजार समितीच्या रांगेत तासन्‌तास चालू-बंद, चालू-बंद. बोअरचं पाणीच टाकतो आम्ही, उकळून गार केलेलं. थंडीत निफाडचा पारा तीन-चार अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा थोडं कूलंट मिसळतो. उकळलेलं पाणी चालतं ना?

रसायन_नाशिकरोड

नाही भाऊ, चालत नाही. उकळल्याने पाण्यातली थोडीच कठीणता खाली बसते. बाकीचे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार आणि क्लोराइड तसेच राहतात, उलट वाफ उडून गेल्याने थोडे घट्टच होतात. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो तसाच थर हेडच्या आतल्या जाकिटात (पाणी फिरायच्या पोकळीत) धरतो, आणि तो थर उष्णता अडवतो. क्लोराइड अ‍ॅल्युमिनियमला भोकं पाडतं. फॉस्फेटवालं कूलंट असेल तर कठीण पाण्यासोबत ते स्वतःच गाळ होऊन बसतं, म्हणजे कूलंटचे पैसेही वाया. आरओचं पाणी त्याहून बरं, पण त्यातही क्षार उरतातच. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी काही जण साठवतात. त्यात क्षार कमी, पण कॉइलवरची धूळ आणि धातू येतात, म्हणून नको.

बॅटरीचं डिस्टिल किंवा डीएम (क्षार काढलेलं) वॉटर पाच लिटरच्या कॅनमध्ये कुठेही मिळतं आणि स्वस्त असतं. ते आणि घट्ट कूलंट अर्धं-अर्धं, नाहीतर तयार मिसळलेला कॅन. अ‍ॅडिटिव्हच्या साडेसहाशे रुपयांत बऱ्याच छोट्या गाड्यांचं अर्धंअधिक काम होऊन जातं.

आडगाव_ट्रान्सपोर्ट

इथे सगळे छोट्या गाड्यांबद्दल बोलताहेत म्हणून ट्रकची बाजू मांडतो. मोठ्या डिझेलमध्ये अ‍ॅडिटिव्ह ही चैन नाही, गरज आहे, आणि याबद्दल मी ठाम आहे.

आमच्या इंजिनांना वेट लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळ्या) असतात, म्हणजे लायनरच्या बाहेरच्या अंगाला थेट कूलंट लागतं. प्रत्येक स्फोटाला पिस्टन लायनरवर आपटतो, लायनर थरथरतो, आणि त्या थरथरीने कूलंटमध्ये बारीक पोकळ्या तयार होऊन फुटतात. प्रत्येक फुटणं धातूवर बारीक घाव घालतं. काही वर्षांत लायनरला टाचणीने टोचावं तशी आरपार भोकं पडतात आणि कूलंट ऑइलमध्ये उतरतं. हे थांबवायला नायट्राइट किंवा मॉलिब्डेट असलेलं पूरक अ‍ॅडिटिव्ह घालतात. ते लायनरवर पातळ थर धरतं, घाव त्या थरावर बसतात आणि थर पुन्हा धरतो. ते खर्च होत राहतं, म्हणून कागदी पट्टीने तपासून, कमी पडलं तर तेवढंच घालायचं. काही इंजिनांना कूलंटचा फिल्टरच असतो आणि त्यात ते भरलेलं येतं.

जास्त घातलं तरी बिघडतं. गाळ धरतो, रेडिएटरच्या झाळकामाला खातं. पट्टी न बघता अंदाजाने ओतणारे ड्रायव्हर मी बंद केले. आणि कॅनवर एएसटीएम डी ६२१० लिहिलेलं तयार हेवी ड्यूटी कूलंट घेतलं तर सुरुवातीला वेगळं काही घालावं लागत नाही.

निफाड_बाग

मग ट्रॅक्टरला हे लागेल का?

आडगाव_ट्रान्सपोर्ट

बऱ्याच ट्रॅक्टरना वेट लायनर असतात. मॅन्युअलमध्ये इंजिनाच्या पानावर लिहिलेलं असतं. असतील तर नुसतं पाणी घालून नांगरट करणं म्हणजे लायनर खाऊन टाकणं. हेवी ड्यूटी कूलंट घाला आणि मुदतीत बदला. पिकअपचं तिच्या मॅन्युअलप्रमाणे.

पाथर्डीफाटा

सगळ्यांचे आभार. रविवारी सकाळी गार इंजिनावर बघितलं. कूलंटची बाटली खालच्या रेषेच्याही खाली होती. रेडिएटरचं झाकण उघडलं तर आतलं रबर कडक होऊन तडकलेलं. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधे किडे, कापसासारखा कचरा आणि मातीचा थर. गळतीची खूण कुठे दिसली नाही. एक विचारायचं राहिलं, सकाळी पेट्रोलवरून सीएनजीवर जायला गाडी पूर्वीपेक्षा जास्त वेळ घेते. याचा काही संबंध आहे का?

अंबडकर

आहे, दादा, थेट संबंध आहे. सीएनजी सिलिंडरमध्ये २०० बारच्या आसपास असतो आणि रेग्युलेटर तो दाब एकदम दोन-तीन बारवर आणतो. दाब असा पडला की गॅस कमालीचा गार होतो, म्हणून रेग्युलेटरला ऊब द्यायला इंजिनाच्या कूलंटची नळी टी टाकून तिकडे नेलेली असते. कूलंट कमी झालं किंवा त्या नळीत हवा अडकली की रेग्युलेटर तापत नाही आणि किट गाडीला गॅसवर जाऊ देत नाही. रेग्युलेटर बऱ्याचदा उंचावर बसवलेला असतो, म्हणून पातळी घटली की हवा तिथेच जमते. बाहेरून किट बसवलेल्या गाड्यांत त्या टी-जोडाच्या क्लिपाही बघा. गरम असताना थेंब पडतो, लगेच सुकतो आणि मागे फक्त पांढरी-हिरवी रेघ राहते.

आता क्रम सांगतो. नवं झाकण घ्या, पण जुन्यावर लिहिलेल्याच बारचं. "जास्त दाबाचं टाका, जास्त चांगलं" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका, जुने होज फाटतील. झाकण बिघडलं की दोन गोष्टी होतात: दाब धरत नाही म्हणून कूलंट लवकर उकळू पाहतं, आणि बाटलीत गेलेलं कूलंट गार झाल्यावर परत ओढलं जात नाही. मग फिन्सचा (रेडिएटरच्या पातळ पात्यांचा) कचरा मागून पुढे, हलक्या पाण्याने. प्रेशर वॉशर लावला तर फिन्स मुडपतात. कूलंटला सहा-सात वर्षं झाली असतील तर पूर्ण बदला आणि भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा काढून घ्या.

यानंतरही घाटात तापमान चढत गेलं, बाटलीत सतत बुडबुडे आले, ऑइलच्या झाकणाखाली ऑइल दह्यासारखं दिसलं किंवा सकाळी सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर आला, तर हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकच्या मधलं सील) तपासा. तिथे कुठलीच बाटली उपयोगाची नाही. आणि गरम इंजिनाचं झाकण कुणीही, कितीही घाई असली तरी, उघडू नका.

इंदिरानगरची

माझ्या बहिणीने स्ट्राँग हायब्रिड घेतलीय. तिलाही दुकानात अ‍ॅडिटिव्ह सुचवलं. तिच्या गाडीत दोन कूलंटच्या बाटल्या आहेत.

रसायन_नाशिकरोड

ताई, तिला आजच फोन करा. दुसरी बाटली इन्व्हर्टरची (बॅटरीची वीज मोटरला पुरवणाऱ्या भागाची) असते. काही हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत विजेचं वहन कमी असणारं खास कूलंट लागतं. त्यात साधं पाणी, दुसरं कूलंट किंवा अ‍ॅडिटिव्ह पडलं तर काम गंजापुरतं राहत नाही. कंपनीचंच, आणि कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरमध्ये.

पाथर्डीफाटा

झाकण बदललं, फिन्स धुतल्या, टी-जोडाची एक क्लिप सैल निघाली तीही बदलली. कूलंट शनिवारी घरीच बदलणार आहे. जुनं गटारात सोडलं तर चालतं का? पाच-सहा लिटर निघेल.

रसायन_नाशिकरोड

कृपया नको. आपल्याकडची बरीच गटारं नासर्डी नदीत जातात आणि नासर्डी गोदावरीत. अंगणातही ओतू नका. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात. शरीरात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होतं आणि किडन्या निकामी होतात. लहान मुलांनाही तोच धोका. कूलंटच्याच रिकाम्या कॅनमध्ये भरा, झाकण घट्ट लावा, वर मोठ्या अक्षरात "विष, जुनं कूलंट" लिहा आणि वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या सर्व्हिस सेंटरला आधी फोनवर विचारून नेऊन द्या. प्यायच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत मात्र एक थेंबही भरू नका. आणि खाली सांडलेलं लगेच फडक्याने टिपून घ्या, मग ओल्या फडक्याने जागा पुसून घ्या.